सर्वानुमते मंजूर

माझे मामा ३१ वर्षं ग्रामसेवक होते. नेमणुकीच्या गावाचं दप्तर कधीकधी रात्री घरी यायचं आणि मामा ग्रामसभेचं इतिवृत्त लिहीत बसायचे. प्रत्येक विषयाखाली सूचकाचं नाव, अनुमोदकाचं नाव आणि शेवटी तीच ओळ : ‘ठराव सर्वानुमते मंजूर.’ लहानपणी मला ते शब्द फार आवडायचे. सगळं गाव एका गोष्टीला हो म्हणतंय, असं चित्र डोळ्यांपुढे उभं राहायचं.

आता मी पुण्यात राहते आणि महिला ग्रामसभांच्या प्रशिक्षणाचं काम करते. गेल्या १४ ऑगस्टला मामांकडे गेले होते. दुसऱ्या दिवशी झेंडावंदनानंतर ग्रामसभा होती आणि पुढच्या वर्षीच्या विकास आराखड्याचा विषय होता. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं आमचं गाव, मतदार दोन हजारांच्या आसपास. रात्री जेवणं झाल्यावर ओसरीवर आमचं बोलणं सुरू झालं. मामांचं सगळं मला पटलं नाही, पण माझं म्हणणंही त्या रात्रीनंतर होतं तसं राहिलं नाही. म्हणून ते बोलणं इथे मांडते आहे.

मी : मामा, उद्या सभेला याल ना?

मामा : काय होणार ते मी तुला आत्ताच सांगतो. गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर माणसं, यांतला कमी असेल तो आकडा लागतो. आपल्याला शंभर लागतात. उद्या चाळीस असतील. सभा तहकूब होईल. मग तहकूब सभा लागेल आणि तिला गणपूर्तीची अटच नाही. त्या दिवशी वीस माणसांत गावाचं वर्षभराचं ठरेल. ३१ वर्षं मी हेच लिहीत आलो.

मी : म्हणजे सभाच निरुपयोगी?

मामा : सभा चांगली आहे, पण लोकांना ती नको आहे. वर्षातून चार सभा घ्यायच्या, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. तारखा पाठ झाल्या, माणसं काही वाढली नाहीत. खुरपायला जाणारी बाई दिवसाचा रोज बुडवून तीन तास का बसेल? त्यापेक्षा गावाला प्रामाणिक सरपंच द्या, काम जाणणारा अधिकारी द्या, हिशेब वेळेवर तपासा. पाणी आलं, रस्ता झाला, दिवे लागले की लोक खूश. प्रत्येकाने प्रत्येक गोष्टीत मत द्यावं हा हट्ट कशासाठी?

मी : तुम्ही इतक्या सभा पाहिल्या. एकही भरली नाही?

मामा : घरकुलाच्या यादीची भरायची. त्या दिवशी देवळात बसायला जागा मिळायची नाही.

मी : मग लोकांना सभा नको आहे असं कसं म्हणता? जिथे खरंच काही ठरतं, तिथे ते येतात. एरवी सगळं आधीच ठरलेलं असतं हे त्यांना ठाऊक असतं. रोज बुडवून नुसती सही करायला कोण येईल? दारूबंदीचंच बघा. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी निवेदन दिलं की मतदान लागतं. उभी बाटली की आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. घरातून कधी बाहेर न पडणाऱ्या बायका त्या दिवशी रांगा लावतात, कारण आपल्या शिक्क्याने शटर खाली येणार हे त्यांना माहीत असतं.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी जे उत्तर दिलं, त्याची मी तयारी केलेली नव्हती.

मामा : तू उदाहरण चांगलं दिलंस, पण ते माझ्या बाजूचं आहे. तिथे शिक्का पडद्याआड मारायचा असतो. ग्रामसभेत हात वर करायचा असतो, तोही सगळ्यांसमोर. ज्याच्या रानात उद्या कामाला जायचं, ज्याच्याकडून लग्नाला पैसे उचललेत, तो समोर खुर्चीवर बसलेला असतो. त्याच्या विरोधात हात कोण वर करेल? मी ‘सर्वानुमते’ लिहिलं ते खोटं नव्हतं. विरोधात खरंच एकही हात वर झालेला नसायचा. पण त्या शब्दाच्या खाली काय दडलेलं आहे, ते मला माहीत होतं.

मी : तुम्ही हे कधी बोलला नाहीत.

मामा : बोलून काय करणार होतो? हे माझ्याआधी फार मोठ्या माणसाने बोलून ठेवलंय. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी घटना समितीत मसुदा मांडला, तेव्हा खेड्याला राज्यव्यवहाराचा पाया मानायला त्यांनी साफ नकार दिला. खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं घर, असं त्यांचं म्हणणं होतं. घटनेचा घटक त्यांनी व्यक्ती धरला, गाव नाही. शहरातल्या तुमच्यासारख्यांना गाव म्हटलं की एकोपा दिसतो. ज्यांनी गावकुसाबाहेरून गाव पाहिलं, त्यांना दुसरंच दिसतं. गावकी एकमताने काय काय करू शकते ते बघ. माणसं वाळीत टाकते. त्यासाठी राज्याला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. अशा गावाच्या हातात आणखी सत्ता द्यायची?

मी : बाबासाहेबांचा आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे. पण गोष्ट तिथे थांबली नाही. त्याच महिन्यात, २२ नोव्हेंबरला, के. संथानम यांची दुरुस्ती आली आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली. तेच पुढे घटनेचं ४० वं कलम झालं : राज्याने ग्रामपंचायती स्थापाव्यात आणि त्यांना अधिकार द्यावेत. चव्वेचाळीस वर्षांनी ७३ वी दुरुस्ती झाली, २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू आहे. तिच्यात ग्रामसभा कशी सांगितली आहे? मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती तिची सदस्य. पाटलांची, पंचांची, घरातल्या कर्त्याची ती सभा नाही. बाबासाहेबांना हवी होती ती व्यक्तीच तिच्यात बसवली आहे. शिवाय पंचायतीत अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा, महिलांना देशभर एक तृतीयांश आणि आपल्याकडे २०११ पासून निम्म्या.

मामा : कागदावर. खुर्चीवर बाई आणि शेजारी उभा नवरा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी : मीही पाहिलंय. पण त्याच बाईने पुढच्या खेपेला नवऱ्याला ‘तुम्ही बाहेर थांबा’ म्हटलेलंही पाहिलंय. आणि गाव एकमताने फक्त वाईटच करतं असं कुठे आहे? शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, सगळं बंद. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसा प्रयत्न करायला सांगितलं. मुंबईने गावाला शिकवलं नाही, एका गावाने मुंबईला शिकवलं.

मामा : ठराव झाला. बांगड्या फोडायच्या थांबल्या का प्रत्येक घरात?

मी : प्रत्येक घरात एका ठरावाने थांबत नाहीत. पण जी बाई नको म्हणते, तिच्या पाठीशी आता गावाचा कागद आहे. आधी ती एकटी होती.

मामा : (हसून) हे बरोबर आहे. कागदाची किंमत कारकुनाला सांगू नकोस. पण मला एक सांग, ज्या गावांची नावं तुम्ही लोक घेता, तिथे एकेक पुढारी आहे. हिवरे बाजार म्हणजे पोपटराव पवार. ते १९८९ साली सरपंच झाले म्हणून गाव बदललं. मी म्हणतो तेच ना ते? चांगला सरपंच.

मी : पोपटराव नसते तर हिवरे बाजार झालं नसतं, हे खरंच. पण त्यांनी केलं काय? पाऊस मोजला. किती पडला, विहिरींना पाणी किती, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, उरलेल्यात कोणती पिकं बसतील, हे सगळं गावासमोर मांडलं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, हे कुठल्याही सरपंचाच्या हुकमाने चालत नाही. शेजारी रात्रीत बोअर मारेल. ते चालतं, कारण ताळेबंद सगळ्यांनी पाहिलेला असतो. पुढाऱ्याने स्वतःकडची माहिती गावाला दिली, हे त्याचं मोठेपण. तुमचा प्रामाणिक सरपंच माहिती स्वतःकडे ठेवूनही प्रामाणिक राहू शकतो. पण तो गेला की सगळं त्याच्याबरोबर जातं.

मामी आतून दुधाचे पेले घेऊन आल्या आणि उंबऱ्यावर टेकल्या. बाहेर पाऊस भुरभुरत होता. मी मामांना मेंढ्याची गोष्ट सांगायला घेतली, तर त्यांना ती ठाऊक होती.

मामा : मेंढा (लेखा). गडचिरोलीत, धानोरा तालुका. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ आम्हाला प्रशिक्षणात सांगायचे.

मी : घोषणा सांगायचे. तिच्यामागचं काम सांगायचे का? देवाजी तोफा आणि गावकरी, त्यांच्यासोबत मोहन हिराबाई हिरालाल, यांनी आधी अभ्यास गट बसवले. ग्रामसभेत निर्णय व्हायचा, पण त्याआधी अभ्यास गटात तो विषय उलगडून पाहायचा. कायदा काय म्हणतो, जंगलात काय उरलंय, बांबू कापला तर परत किती वर्षांनी येतो. निर्णय तिथे घ्यायचा नाही, फक्त समजून घ्यायचं. आणि ग्रामसभेत बहुमत नाही, सर्वसहमती. एकाचंही मन वळलं नसेल तर विषय पुढच्या सभेत. २००६ चा वनहक्क कायदा आला, आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क गावाला मिळाला. तरी बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात. गाव दोन वर्षं त्या कायद्यातल्या एका व्याख्येवर ठाम राहिलं : बांबू हे गौण वनोपज आहे आणि ते आमचं आहे. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आलं. कायद्याची व्याख्या पाठ असलेलं गाव काय करू शकतं ते बघा.

मामा : मेंढा शंभरएक घरांचं, सगळे गोंड, सगळ्यांचं जंगल एक. तिथे सर्वसहमती जमते. आपल्या गावात सात वस्त्या, आठ जाती, बागायतदार आणि मजूर. इथे तू सर्वसहमती म्हणालीस की मघाशी सांगितलं तेच होणार. दुबळा माणूस गप्प बसणार आणि त्याच्या गप्प बसण्यालाच तुम्ही सहमती म्हणणार.

इथे मी अडखळले. प्रशिक्षणात मी मेंढ्याची गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे, पण तिच्यातला ‘सर्वसहमती’ आणि मामांच्या वहीतला ‘सर्वानुमते’ हे एकाच अर्थाचे दोन शब्द किती दूर आहेत, याचा मी असा विचार केलाच नव्हता. मेंढ्यात एक जण नाही म्हणाला तर सभा थांबते. आमच्याकडे एक जणही नाही म्हणत नाही, म्हणून सभा पटकन संपते.

मी : मग गाव लहान करायला हवं, मामा. म्हणजे सभेचं एकक. आदिवासी भागासाठी १९९६ चा पेसा कायदा आहे. आपल्या राज्याच्या २०१४ च्या नियमांनी त्यात एकेका पाड्याला स्वतःचं गाव म्हणून जाहीर होण्याची वाट दिली. आपल्याकडे पेसा नाही, पण मोठ्या ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद आहे. ‘आमचं गाव आमचा विकास’ आराखड्यात तर वंचित घटकांची सभा, बालसभा, सगळं सांगितलं आहे.

मामा : त्यांची इतिवृत्तंही मीच लिहायचो. एका दुपारी, एका टेबलावर, तिन्ही सभांची.

मामी पहिल्यांदाच बोलल्या. ‘मला एकदा सही करायला बोलावलं होतं. महिला सभा झाली म्हणून. सभा कुठं झाली ते अजून कळलं नाही.’

मामांनी मान खाली घातली. मला वाटलं, बोलणं इथेच संपणार. पण त्यांनीच ते पुढे नेलं.

मामा : खरं सांगू? आम्हाला वेळ नव्हता हे एक. एकेका ग्रामसेवकाकडे दोन-दोन गावं. दुसरं म्हणजे सभा जितकी लवकर संपेल तितकं बरं वाटायचं. भांडण झालं की वरून विचारणा होणार. शांत सभा म्हणजे चांगला ग्रामसेवक. पण तुझ्या शहरात तरी काय आहे? तू इथे येऊन आम्हाला सांगतेस. पुण्यात तुझी सभा कुठे भरते?

मी : भरत नाही. शहरातल्या मतदाराला ग्रामसभेसारखी हक्काची जागाच नाही. ७४ व्या दुरुस्तीने तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या सांगितल्या, पण त्यांत नगरसेवक बसतात. २००९ मध्ये राज्याने क्षेत्रसभेची तरतूद केली, ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते, ही चांगली गोष्ट आहे. मी दोनदा अर्ज भरलाय. पण अर्ज भरणं आणि शेजाऱ्यांसोबत बसून ठरवणं यात फरक आहे. मी बाकाची मागणी करते, पलीकडच्या वस्तीला शौचालय हवं असतं, आणि आम्ही एकमेकांना कधी भेटतच नाही. त्यात २०२२ च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि मग वर्षानुवर्षं प्रशासक. म्हणून तर म्हणते, तुमच्याकडे जे आहे ते आम्हाला मागून मिळत नाही.

मामा : ठीक. मग ऐक, तुझ्या प्रशिक्षणात काय कमी आहे. तुम्ही लोकांना सांगता, ‘या, बोला, तुमचा हक्क आहे.’ हक्क सांगून माणूस बोलत नाही. आकडा कळला की बोलतो. वित्त आयोगाचे पैसे येतात. १५ व्या आयोगात त्यातले ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच. ४० टक्के अबंधित. गावाने खरं भांडायचं ते त्या चाळिसासाठी. हे गावात किती जणांना माहीत आहे? तुला सांगतो, दहा. आणि त्याच दहा जणांत ते पैसे वाटले जातात. चावडीसमोर पेव्हिंग ब्लॉक, दरवर्षी. ओढ्यापलीकडच्या वस्तीला मोरी हवी आहे, पावसाळ्यात पोरं कंबरभर पाण्यातून शाळेला येतात. पण चाळीस टक्के म्हणजे किती रुपये, हेच त्यांना ठाऊक नाही, तर मागणार काय?

मी : आणि हात वर करायची भीती?

मामा : ती एकट्याला असते. वस्तीने आधी बसून ठरवलं, आकडा हातात घेतला आणि पंचवीस जण एकत्र आले तर ती कमी होते. नाहीशी होत नाही, कमी होते. आणि अगदीच अटीतटीचं असेल तर चिठ्ठ्या घ्याव्यात. थेट निवडून आलेल्या सरपंचावर अविश्वास ठराव आला की ग्रामसभेत गुप्त मतदानच घेतात. तिथे चालतं तर मोरीसाठी का चालू नये?

मी त्यांच्याकडे बघत राहिले. सुरुवातीला ‘लोकांना सभा नको आहे’ म्हणणारा माणूस आता सभा कशी घ्यावी ते सांगत होता. तो हरला नव्हता. ३१ वर्षं जे टोचत होतं, त्याला त्या रात्री वाट मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं. देवळात त्रेसष्ट माणसं जमली. सभा तहकूब झाली, मामांनी सांगितलं होतं तशीच. फक्त त्यानंतर एक वेगळी गोष्ट घडली. मामांनी पंचायतीतून आराखड्याची आणि निधीची प्रत मागून घेतली आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात चारच ओळी लिहिल्या : एकूण आले किती, बंधित किती, अबंधित किती, गेल्या वर्षी कशावर खर्च. पुढचे दिवस संध्याकाळी कामावरून माणसं परतल्यावर ते एकेका वस्तीत जाऊन बसले. कुणाला काही मागा म्हणाले नाहीत. कागद वाचून दाखवला आणि प्रश्नांची उत्तरं दिली. ओढ्यापलीकडच्या वस्तीत मामी सोबत गेल्या. बायकांची सभा त्यांनी अंगणात घेतली आणि ती खरंच झाली.

तहकूब सभेला मी पुण्याहून परत गेले. गणपूर्तीची अट नव्हती, तरी देऊळ भरलं होतं. दोन तास चर्चा चालली, आवाज चढले. मोरीचा खर्च एका वर्षाच्या अबंधित निधीत बसत नाही, हे वस्तीतल्याच एका मुलाने हिशेब करून सांगितलं आणि काम दोन वर्षांत विभागावं असा प्रस्ताव मांडला. चावडीच्या बाजूचे काही जण अडून बसले. ब्लॉकचं अर्धं काम झालंय, ते तसंच टाकलं तर पावसाने वाया जाईल, हे त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. मतं मोजली. मोरी पुढे, अकरा विरोधात.

नवे अधिकारी इतिवृत्त लिहीत होते. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. वयाने लहान, पण हात सवयीने सरावलेला. ‘ठराव सर्वा...’ एवढं लिहून झालं होतं.

मामा मागच्या रांगेतून उठून पुढे गेले. म्हणाले, ‘साहेब, तेवढं खोडा. अकरा विरोधात लिहा, त्यांची नावं लिहा आणि ते का विरोधात आहेत तेही लिहा. पुढच्या वर्षी ब्लॉकचा विषय येईल, तेव्हा त्यांना वाचून दाखवता आलं पाहिजे.’

अधिकाऱ्यांनी खोडलं, बाजूला सही केली आणि लिहायला घेतलं. पहिल्यांदाच त्या वहीत विरोध करणाऱ्यांची नावं आली. त्या अकरांतले दोघे मामांना नंतर येऊन भेटले आणि वाचून दाखवा म्हणाले. मामांनी चष्मा लावला आणि त्यांचं म्हणणं त्यांनाच, शब्द न शब्द, वाचून दाखवलं.